चेहरा नसलेला नायक

मराठी शाळेंत व्याकरण शिकविण्यांत ज्याचीं छत्तीस वर्षें गेलीं, अशा माणसानें चित्रपटाविषयीं, आणि तोहि हाणामारीच्या चित्रपटाविषयीं, आपल्यापुढें बोलावयास बसावें, हें आपणांपैकीं पुष्कळांना चमत्कारिक वाटेल. मलाहि तें तसेंच वाटलें. परंतु ज्या चित्रपटाविषयीं मी आज बोलणार आहें, त्याचें नातें व्याकरणांतील एका प्रकरणाशीं इतकें निकटचें आहे, कीं तो पाहिल्यापासून माझ्या मनाला स्वस्थता अशी नाहीं. तें प्रकरण म्हणजे ‘पुरुषविचार’.

आपण सर्वांनीं शाळेंत तें घोकलें आहे. ‘मी, आम्ही’ हा प्रथम पुरुष. ‘तूं, तुम्ही’ हा द्वितीय. ‘तो, ती, तें’ हा तृतीय. मराठी व्याकरणानें ही क्रमवारी इंग्रजीच्या धर्तीवर लाविली. संस्कृत वैयाकरणांची मांडणी अगदीं उलट होती. त्यांच्या लेखीं ‘तो’ हा प्रथम पुरुष, ‘तूं’ हा मध्यम आणि ‘मी’ हा उत्तम, म्हणजे अखेरचा. आधीं इतर सर्व जग, मग समोर उभा असलेला मनुष्य, आणि सर्वांच्या शेवटीं आपण, असा अर्थ मी त्यांतून काढीत असें. तो अर्थ व्याकरणाच्या कोणत्याहि ग्रंथांत नाहीं. तो शिक्षकाच्या पदरचा आहे.

१९८८ सालची गोष्ट. हाच भेद मी सातवीच्या वर्गांत सांगत होतों. शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, मग मी पहिला कीं शेवटचा?” प्रश्न चांगला होता. परंतु विचारणारा मुलगा आठवड्यांतून तीन दिवस शाळा बुडविणारा होता. आमची शाळा अंधेरीच्या पूर्वभागांत. जेथें विजय भट्ट यांच्या प्रकाश पिक्चर्सनें १९४३ सालीं ‘रामराज्य’ निर्माण केला आणि जेथील मोहन स्टुडिओंत ‘मुघल-ए-आझम’मधला आरसेमहाल उभा राहिला, तो हा परिसर. चित्रपटाचें वेड तेथल्या मुलांच्या अंगीं आपोआप भिनत असे. हा मुलगा शाळा चुकवून चित्रीकरणें पाहत हिंडतो, हें मला ठाऊक होतें. मी म्हणालों, “तूं ना पहिला, ना शेवटचा. तूं कायमचा तृतीय पुरुष. वर्गांत कधीं असतोसच कोठें?” वर्ग हंसला. मुलगाहि हंसला. मी स्वतः माझ्या कोटीवर बेहद्द खूष झालों. ही गोष्ट मी तूर्त येथेंच ठेवितों. तिच्याकडे मला परत यावयाचें आहे.

गेल्या पावसाळ्यांत एका रविवारीं महाविद्यालयांत शिकणारा माझा नातू मला म्हणाला, “आजोबा, तुमच्या व्याकरणाचा सिनेमा मिळाला आहे. पहिल्यापासून शेवटपर्यंत प्रथम पुरुषीं!” चित्रपटाचें नांव ‘हार्डकोर हेन्री’. इल्या नैशुलर या रशियन दिग्दर्शकाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट. तो सप्टेंबर २०१५ मध्यें टोरांटोच्या महोत्सवांत प्रथम दाखविण्यांत आला आणि २०१६ च्या एप्रिल महिन्यांत अमेरिकेंत सर्वत्र प्रदर्शित झाला. नैशुलर हा मूळचा गाणारा. आपल्या वाद्यवृंदाच्या एका गाण्यासाठीं २०१३ सालीं त्यानें पळणाऱ्या माणसाच्या डोळ्यांतून दिसणारी मारामारी चित्रित केली. ती जगभर पाहिली गेली, आणि तिमूर बेकमाम्बेतोव या निर्मात्यानें त्याला याच रीतीनें सबंध चित्रपट करावयास सुचविलें.

या चित्रपटांत कॅमेरा नायकाकडे पाहत नाहीं. तो नायकाच्या डोळ्यांच्या जागीं असतो. पडद्यावर डोळे उघडतात. कोणाचे, तें दिसत नाहीं, कारण ते डोळे म्हणजे आपणच. आपण एका प्रयोगशाळेंत निजलों आहों. एस्टेल नांवाची एक बाई सांगते, ‘तुझें नांव हेन्री, मी तुझी पत्नी.’ गेलेल्या हाताच्या आणि पायाच्या जागीं यंत्राचे अवयव बसविले जातात. आतां वाचा बसवावयाची, तोंच शत्रु चालून येतो, आणि नायक मुका राहतो तो अखेरपर्यंत. शत्रूचें नांव अकान. तो हात न लावतां वस्तु आणि माणसें उचलून फेकूं शकतो. बाईला तो पळवितो. त्यानंतर दीड तास आपण मॉस्को शहरांतून पळतों, उड्या मारतों, मारतों आणि मार खातों. जिमी नांवाचा एक सोबती वारंवार मरतो आणि वारंवार नव्या वेषांत परत येतो. शार्ल्टो कोपली या नटानें तीं सर्व रूपें मोठ्या गमतीनें वठविलीं आहेत. रक्तपात मात्र अतोनात आहे. घरांतील लहान मुलांसमवेत पाहण्याजोगा हा चित्रपट नव्हे, एवढें आधींच सांगून ठेवतों.

विसाव्या मिनिटाला मला भोवंड आली. मीं डोळे मिटून घेतले आणि नातू हंसूं लागला. पुढें विचार केला तेव्हां त्याचें कारण उमगलें. आपल्या कानाच्या आंतल्या भागांत द्रवानें भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. शरीराचा तोल आणि डोक्याची हालचाल त्या मेंदूला कळवितात. पडद्यासमोर डोळे ओरडून सांगत होते कीं आपण धांवत आहों. कान शांतपणें कळवीत होता कीं आपण खुर्चींत बसलों आहों. दोन साक्षीदारांची जबानी जुळेना, म्हणून मेंदु गडबडला. घाटांतल्या गाडींत पुस्तक वाचणाऱ्याला जें होतें तेंच हें, फक्त उलट्या बाजूनें. आणखीहि एक गोष्ट आहे. चालतांना आपलें डोकें सारखें हिंदकळतें, पण समोरचा रस्ता हिंदकळतांना दिसत नाहीं. कारण डोकें ज्या बाजूस वळतें त्याच्या उलट बाजूस डोळे तत्क्षणीं वळतात आणि दृश्य स्थिर ठेवतात. कॅमेऱ्याला ही विद्या उपजत नसते. हेन्रीसाठीं मुखवट्यासारखा एक साचा तयार करून त्यावर आगपेटीएवढे ‘गोप्रो’ कॅमेरे बसविले होते, आणि दृश्याची थरथर कमी करण्याची खटपट केली होती. तरीहि जें दिसतें तें डोळ्याचें पाहणें नव्हे. तें डोक्याचें पाहणें आहे.

ही कल्पना अगदीं नवी आहे असें मात्र नाहीं. १९२४ सालीं जर्मनींत मुर्नाव या दिग्दर्शकाच्या ‘द लास्ट लाफ’ चित्रपटासाठीं कार्ल फ्रॉइंड या छायालेखकानें कॅमेरा स्वतःच्या छातीला बांधला आणि झिंगलेल्या माणसाचें जग दाखविलें. १९२७ सालच्या ‘नेपोलियन’मध्यें फ्रेंच दिग्दर्शक आबेल गांस यानें तो घोड्याच्या पाठीवर चढविला. सबंध चित्रपट या पद्धतीनें करण्याचें धाडस १९४७ सालीं रॉबर्ट माँटगोमेरी यानें केलें. ‘लेडी इन द लेक’ हें त्याचें नांव. रेमंड चँडलरच्या गुप्तहेरकथेवरून तो घेतला होता. मधूनमधून हेर कचेरींत बसून आपणांशीं समोरासमोर बोलतो, एरवीं तो फक्त आरशांत दिसतो. कोणी ठोसा लगावला तर तो प्रेक्षकाच्या तोंडावर येतो; नायिका चुंबन घेते तें कांचेच्या भिंगाचें! गंमत वाटते, पण फार वेळ वाटत नाहीं. त्याच वर्षीं आलेल्या ‘डार्क पॅसेज’मध्यें अधिक शहाणपण होतें. तेथें तुरुंगांतून पळालेला कैदी शस्त्रक्रिया करून चेहरा बदलतो. तोंवरचा भाग त्याच्या डोळ्यांतून, आणि नवा चेहरा मिळाल्यावर हंफ्री बोगार्ट सर्वांसमोर. चेहरा लपविण्यास कथेंतच कारण होतें.

आपल्याकडे पाहावयाचें तर, १९३४ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीच्या ‘अमृतमंथन’मध्यें शांतारामबापूंनीं राजगुरूचा डोळा पडदाभर दाखवून प्रेक्षकांना थरारून सोडलें होतें. हिंदी आवृत्तींतील चंद्रमोहनचे ते डोळे जुन्या रसिकांच्या बोलण्यांत पुढें कित्येक वर्षें येत. परंतु डोळा पाहणें निराळें आणि डोळ्यांतून पाहणें निराळें. त्याच्या जवळपास आपल्या मुंबईंत कोणी गेलें असेल तर तें दिबाकर बॅनर्जी यांच्या २०१० सालच्या ‘लव्ह सेक्स और धोखा’मध्यें. तेथें सारी कथा पात्रांच्या हातांतील, दुकानाच्या छतावरील आणि लपवून ठेवलेल्या कॅमेऱ्यांतून उलगडते. पण ती यंत्राची नजर आहे, माणसाची नव्हे.

‘हार्डकोर हेन्री’ संपला तेव्हां नातवानें विचारलें, “कसा वाटला तुमचा प्रथम पुरुष?” मीं त्याला कपाटांतून हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षांत कोण घेतो’ काढून दिली. १८९० सालीं सुरू झालेल्या ‘करमणूक’ पत्रांतून ती क्रमशः प्रसिद्ध झाली. तींत यमू स्वतःची हकीकत स्वतः सांगते. लिहिणारा पुरुष, बोलणारी एक मुलगी; आणि तरीहि तिच्यावर वपनाचा प्रसंग येतो तेव्हां वाचणाऱ्याचा हात आपल्याच डोक्याकडे जातो. यमूच्या डोळ्यांना काय काय दिसलें, याची जंत्री हरिभाऊंनीं दिलेली नाहीं. तिला काय वाटलें, काय आठवलें, काय बोलावेंसें वाटून बोलतां आलें नाहीं, तें त्यांनीं दिलें आहे. ‘मी’ म्हणजे उभें राहण्याची जागा नव्हे. ‘मी’ म्हणजे आठवण, भीति, लाज, आशा. हेन्रीला वाचा नाहीं. आणि कथेच्या अखेरीस असें निघतें कीं पत्नीची जी आठवण त्याला आहे तीहि त्याच्या डोक्यांत दुसऱ्यांनीं भरलेली. म्हणजे डोळे आहेत, पण पाहणारा नाहीं! तेव्हां मीं निकाल दिला, कीं या चित्रपटांत प्रथम पुरुष नांवापुरताच आहे. आंत कोणी नाहीं.

श्रोतेहो, हा माझा निकाल चुकीचा होता. आंत माणूस होता. तो मला दिसला नाहीं, एवढेंच. तो मला ज्यानें दाखविला, त्याची गोष्ट आतां सांगतों.

‘तृतीय पुरुष’ म्हणून मीं ज्याची थट्टा केली, त्या मुलानें आठवींत शाळा सोडली. पुढें सात-आठ वर्षांनीं तो मला अंधेरी स्थानकाबाहेर भेटला. अंगानें भरला होता. चित्रपटांत ‘फायटर’ म्हणून काम करतों, म्हणाला. नायकाच्या वतीनें जो उडी मारतो, कांच फोडतो, घोड्यावरून पडतो, त्याला त्या धंद्यांत ‘डुप्लिकेट’ म्हणतात. तेंहि काम तो करी. एका शनिवारीं त्यानें मला स्वतःच्या पैशानें चित्रपट पाहावयास नेलें. मध्यंतरानंतर त्यानें माझें मनगट धरलें आणि हळूच म्हणाला, “आतां बघा, गुरुजी. आतां मी येतों.” पडद्यावर निळा सदरा घातलेला कोणी कांचेची तावदानें फोडून खालीं झेपावला. निमिषार्धांत नायकाचा हंसरा चेहरा आला आणि थिएटरांत शिट्ट्यांचा पाऊस पडला. माझ्या शेजारीं बसलेल्या त्या मुलानेंहि शीळ घातली. मग विचारलें, “दिसलों का?” मी म्हणालों, “दिसलास कीं!” मला निळा सदरा दिसला होता.

त्यानंतर कांहीं वर्षांनीं, एका चित्रीकरणांत दुसऱ्या मजल्यावरून पडतांना खालीं रचलेला पुठ्ठ्याच्या खोक्यांचा थर सरकला आणि त्याच्या मांडीचें हाड मोडलें. पहिल्या महिन्याचा खर्च मिळाला. पुढें कोणी फिरकलें नाहीं. आतां तो घाटकोपरला राहतो आणि स्थानकाबाहेर मोबाइलचीं कव्हरें विकतो. पाय अधू आहे. मीं त्याला निरोप धाडला कीं एक हाणामारीचा चित्रपट पाहावयास ये. आणि पुढच्या रविवारीं तो मेट्रोंत बसून आला.

त्यानें चित्रपट पाहिला तो आमच्यासारखा नव्हे. कथेकडे त्याचें लक्षच नव्हतें. तो पडद्याच्या खालच्या कडेला दिसणारे हात पाहत होता. थोड्या वेळानें म्हणाला, “गुरुजी, हा बदलला.”

“कोण बदलला?”

“आंतला माणूस. मघाचा उजव्या खांद्यावर पडत होता. हा डाव्यावर घेतो. आणि हा उंच आहे. दाराची चौकट बघा ना, मघाशीं डोक्याच्या किती वर होती!”

नातवानें लगेच हातांतल्या फोनवर शोध घेतला. गोष्ट खरी होती. हेन्रीचें काम एका माणसानें केलेलें नाहीं. कित्येक साहसवीरांनीं आणि छायालेखकांनीं तो कॅमेऱ्याचा मुखवटा आळीपाळीनें चढविला, प्रसंगीं दिग्दर्शकानें स्वतःहि. आम्हां दोघां शिकलेल्या माणसांना जेथें कोणीच दिसलें नव्हतें, तेथें आठवींत शाळा सोडलेल्या या माणसाला माणसें दिसत होतीं, आणि तीं एकमेकांपासून वेगळीं ओळखूं येत होतीं.

मग एका इमारतीवरून पडण्याचें दृश्य आलें. त्यानें तें पुन्हा लावावयास सांगितलें, तिसऱ्यांदाहि पाहिलें. म्हणाला, “आम्ही पडायच्या आधीं खालीं बघतों. गादी कुठें, खोके कुठें, सगळें नजरेनें मापून घेतों. मग पडतांना मान आंत घेतों. याला तें करतां येत नाहीं. यानें गादीकडे बघितलें तर लोकांनाहि गादी दिसेल. लोकांना जिकडे बघायचें आहे तिकडे यानें बघायचें, आणि पडायचें मात्र दुसरीकडे. वर तोंडावर ओझें. हें फार अवघड काम आहे, गुरुजी.”

चित्रपटाच्या व्याकरणाचा इतका मोलाचा पाठ मला कोणी दिला नव्हता. पडणाऱ्या माणसाचे डोळे ही त्याची जीव वांचविण्याची शेवटची दोरी. या चित्रपटांत ती दोरीच प्रेक्षकाच्या हातीं दिलेली आहे. ‘प्रथम पुरुषीं’ चित्रपट म्हणजे एका माणसानें आपले डोळे आपणांस उसने देणें. आणि ते देतांना तो स्वतः काय धोका पत्करतो, याचा आपणांस पत्ताहि नसतो.

हा धंदा आपल्या शहरांत चित्रपटाइतकाच जुना आहे. १९३५ सालीं वाडिया बंधूंच्या ‘हंटरवाली’नें नाडियाला घराघरांत पोंचविलें. ती आपल्या उड्या स्वतः मारी, म्हणून तिचा चेहरा आणि तिचें साहस एकत्र दिसलें. असें भाग्य थोड्यांचें. ललिता पवार या मूकपटांच्या काळांत साहसी नायिका म्हणून गाजल्या होत्या. १९४२ सालीं एका चित्रीकरणांत सहकलाकार भगवान यांच्याकडून त्यांना चुकून जोराची थप्पड बसली. चेहऱ्याच्या एका बाजूस अर्धांगवायु झाला आणि डावा डोळा कायमचा अधू राहिला. नायिकेचीं कामें संपलीं. १९८७ सालीं दूरदर्शनवरील ‘रामायणां’त त्यांची मंथरा ज्यांनीं पाहिली, त्यांना तो बारीक झालेला डोळा आठवत असेल. अभिनयाची ती खूण आहे असें पुष्कळांना वाटे. ती एका अपघाताची खूण होती. १९७५ सालच्या ‘शोले’मध्यें बसंतीचा टांगा भरधांव धांवतो, तेव्हां तेथें हेमा मालिनी यांच्या जागीं रेश्मा पठाण या साहसी स्त्रीनें काम केलें आहे. तिच्या आयुष्यावर चित्रपट निघावयास २०१९ साल उजाडावें लागलें. आपल्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत साहसदृश्यांच्या दिग्दर्शनाला स्थान मिळालें तें २०१७ सालीं. अमेरिकेच्या अकादमीनें तर २०२५ मध्यें जाहीर केलें कीं २०२७ सालच्या चित्रपटांपासून या कलेला ऑस्कर देण्यांत येईल. म्हणजे त्या पुरस्कारांच्या शंभराव्या सोहळ्यांत! शंभर वेळां टाळ्या वाजविल्यावर, पडणाऱ्याकडे लक्ष गेलें.

चित्रपट पाहतां पाहतां नातवानें आपली एक जुनी मागणी पुढें केली. त्याला शिरस्त्राणावर बसविण्याचा तसला कॅमेरा हवा होता. मोटारसायकलवरून घाट उतरतांना चित्रण करावें, असा बेत. माझ्या नकाराचा त्याच्यावर आजवर परिणाम झालेला नव्हता. माझ्या विद्यार्थ्यानें त्याला एवढेंच विचारलें, “पडायला शिकलास का?”

“मी पडणार कशाला?”

“म्हणजे नाहीं शिकलास. आम्ही एका पडण्यासाठीं चार-चार दिवस तालीम करायचों. खालीं दहा माणसें उभीं. तरी माझें हें झालें.” त्यानें आपल्या पायावर हात ठेवला. “माझ्या टपरीवर रोज पोरें येतात. लोकलच्या दारांत लोंबकळून फोनमध्यें फिल्म काढतात. त्यांना फिल्ममधला माणूस दिसत नाहीं, म्हणून वाटतें कीं तिथें कोणी नसतोच. नुसता कॅमेराच उडी मारतो. खांब आला कीं कळतें, आंत माणूस होता.”

नातू कांहीं बोलला नाहीं. मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या आपणां सर्वांना त्या खांबाची बातमी सकाळच्या वर्तमानपत्रांत कधीं ना कधीं वाचावी लागली आहे. रेल्वेचे इशारे, पोलिसांचे दंड, शिक्षकांचीं भाषणें यांनीं जें साधत नाहीं, तें त्या एका वाक्यानें साधलें, असें मी म्हणणार नाहीं. कॅमेऱ्याची मागणी मात्र त्यानंतर माझ्या कानांवर आलेली नाहीं.

चहा झाल्यावर मीं धीर एकवटला आणि म्हणालों, “तुला एक सांगावयाचें राहिलें आहे. त्या शनिवारीं थिएटरांत तूं मला दिसला नव्हतास. मी खोटें बोललों.”

तो हंसला. “मला ठाऊक आहे, गुरुजी. दिसलों असतों तर शॉट वायां गेला असता. माझे पैसे कापले असते!”

मी म्हणालों, “आणि वर्गांत तुला एकदां तृतीय पुरुष म्हणालों होतों. आठवतें?”

आतां तो हंसला नाहीं. “न आठवायला काय झालें? शाळा सुटेपर्यंत तेंच माझें नांव होतें. पोरें मला हांक मारायचीं ती त्याच नांवानें.”

“त्यामुळें तूं शाळा सोडलीस?”

“छे! घरीं वडील आजारी होते. तुम्हीं कधीं विचारलें नाहीं, म्हणून सांगितलें नाहीं.” थोडा वेळ थांबून तो म्हणाला, “नांवामुळें नाहीं सोडली. पण त्या नांवामुळें सोडायला सोपी गेली.”

श्रोतेहो, छत्तीस वर्षांत मीं किती मुलांना व्याकरण शिकविलें, याची गणति मी अभिमानानें करीत असें. आठवड्यांतले तीन दिवस हा मुलगा कोठें असतो, असा प्रश्न मला पडला होता आणि त्याचें उत्तर मीं स्वतःच देऊन टाकलें होतें: स्टुडिओच्या भिंतीपाशीं. तो कांहीं दिवस वडिलांच्या अंथरुणापाशींहि असूं शकेल, हें माझ्या मनांत आलें नाहीं. माझ्या वर्गांत मी एकटाच प्रथम पुरुष होतों. बाकीचीं पन्नास मुलें ‘तीं’ होतीं. मीं त्याची क्षमा मागितली. तो गडबडून गेला आणि “असें काय करतां, गुरुजी” म्हणत माझ्याच पायांशीं वांकूं लागला. अधू पायानें त्याला वांकतां येईना. मीं त्याला वरच्यावर धरला.

या भाषणांत मीं त्याचें नांव घेतलेलें नाहीं. घेऊं का, म्हणून विचारलें होतें. तो म्हणाला, “नको. आमच्या धंद्यांत नांव शेवटीं येतें, आणि तोंवर लोक उठून गेलेले असतात.”

त्याच्या या बोलण्यावरून मला एक आठवलें. चित्रपट संपल्यावर पडद्यावर नांवें सरकूं लागलीं, तेव्हां नातवानें संच बंद करण्यासाठीं हात पुढें केला होता. त्यानें नातवाचा हात धरला आणि म्हणाला, “थांब जरा.” बारीक इंग्रजी अक्षरांतील तीं परदेशांतील नांवें त्याला वाचतां येत नव्हतीं. मलाहि तीं पुरतीं वाचतां आलीं नाहींत; तीं फार भरभर सरकत होतीं. पण शेवटचें नांव जाईपर्यंत तो पडद्याकडे पाहत बसला, आणि आम्हीहि बसलों.

आपल्या घरीं, किंवा थिएटरांत, पुढच्या वेळीं तेवढीं चार मिनिटें बसून पाहा, एवढीच माझी विनंति आहे. आणि माझ्यासारखे जे कोणी शिक्षक ऐकत असतील, त्यांनीं उद्यां हजेरी घेतांना गैरहजर मुलाच्या नांवापाशीं क्षणभर थांबावें. संस्कृत वैयाकरणांनीं ‘तो’ हा प्रथम पुरुष कां मानला, याचा माझा जुना अर्थ कोणत्याहि ग्रंथांत नाहीं, हें मीं आरंभींच सांगितलें. आतां मला त्याला ग्रंथाचा आधार नको आहे.